जंजिरेकर

"नारळ उजव्या हातात धरा, साहेब," मी म्हटलं.

"उजव्या हातात काठी आहे," दांडेकर साहेब म्हणाले. "आणि डाव्या हातात नारळ धरूनच मी दोन पुतण्यांची लग्नं जमवली. दोघंही अजून नांदतायत."

अल्जियर्सच्या जुन्या वस्तीतल्या एका पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत आम्ही तिघं धापा टाकत उभे होतो. शुक्रवारची दुपार होती. दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती, वर आभाळाची अरुंद निळी पट्टी, आणि गल्लीच्या खालच्या टोकाला, जिथे रस्ता असायला हवा तिथे, थेट समुद्र. कुठल्यातरी अंगणातून मोगऱ्यासारखा वास येत होता. त्या शहरात मी दोनेक वर्षं काढली, पण आजही तिथलं काही सांगायला गेले की ते घडलं होतं की दुपारच्या झोपेत पाहिलं होतं, अशी शंका येते. ही गोष्ट मात्र घडली होती. तो नारळ म्हणजे यंत्राचा सुटा भाग नव्हे हे पटवून मी स्वतः तो कस्टममधून सोडवून आणला होता.

दांडेकर साहेब आमच्या कंपनीचे तिथले मुख्य. बंदरातला गाळ काढायचं काम आम्हाला मिळालं होतं. साहेब रेवदंड्याचे, आणि जगातली कुठलीही अडचण रेवदंड्यात आधी येऊन सुटून गेलेली आहे अशी त्यांची खात्री होती. मी दुभाषी. पुण्यात फ्रेंच शिकले होते, कारण जर्मनचा वर्ग फार सकाळी असे. आणि तिसरा, नव्या सुटात उकडून निघत असलेला, निसार हळदे. गाळ उपसणाऱ्या बोटीवर इंजिनिअर, राहणार राजपुरी. म्हणजे मुरुडजवळ, खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्याच्या किल्ल्यासमोर. तो आज मुलगी मागायला आला होता, आणि आम्ही दोघं मिळून त्याचा वरपक्ष होतो.

मुलीचं नाव नसीमा. बंदराच्या कचेरीत ती नकाशे काढायची. निसारला फ्रेंच येत नव्हतं, तिला मराठी येण्याचं काही कारण नव्हतं, आणि नमाजाच्या अरबीत गाळाबद्दल फारसं बोलता येत नाही. त्यामुळे त्यांचं प्रेम, निदान सुरुवातीचं, माझ्या तोंडून गेलं. "ताई, त्यांना विचारा, हा खडक नकाशात आहे तिथेच आहे का?" असं निसार म्हणे, ते मी सांगे. "त्यांना सांग, खडक कुठे जाणार?" असं ती म्हणे, तेही मी सांगे. एके दिवशी मी मध्ये उभी असताना दोघंही एकमेकांकडे बघत नुसतेच गप्प राहिले, आणि आता भाषांतराला काही उरलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं.

धर्माची अडचण नव्हती. अडचण समुद्राची होती. नसीमाचे वडील सी मुख्तार, यातला 'सी' म्हणजे आपलं 'राव', बंदरावरचे जुने पायलट. मोठ्या जहाजांना वाट दाखवत आत आणायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. बायको गेलेली. दोन मुलगे मार्सेलला गेले ते गेलेच. घरात राहिली होती ती ही मुलगी, आणि तिला समुद्रापलीकडे देणार नाही असं सांगून त्यांनी एका पॅरिसवाल्याला आधीच वाटेला लावलं होतं. निसारचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. म्हातारा आज नाही म्हणाला, तर तो एकटाच घरी जाणार होता.

"हळदे, तुझ्या बाबांनी काय सांगितलंय?" साहेबांनी दार वाजवण्याआधी विचारलं.

"म्हणाले, दांडेकर साहेब रेवदंड्याचे, म्हणजे आपलेच. ते जे बोलतील ते मी बोललो असं समज."

"मग झालं तर. तू गप्प राहा. मुलगा बोलला की भाव उतरतो."

दार सी मुख्तारांनी स्वतःच उघडलं. उंच, सडपातळ माणूस. अंगात जुना निळा कोट, डोळे सतत लांबचं काही बघत असल्यासारखे बारीक केलेले. साहेबांनी नारळ पुढे केला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, कानाशी नेऊन हलवला, आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"आत पाणी आहे," तो मला फ्रेंचमध्ये म्हणाला.

"हो."

"आणि बाहेर जमीन. म्हणजे हे उलटं बेट झालं."

मी भाषांतर केलं. "सांगा, शुभ असतं," साहेब म्हणाले. सी मुख्तारांनी ते उलटं बेट रेडिओशेजारी फळीवर नीट बसवलं, घरंगळू नये म्हणून त्याला एक वाटी टेकण दिली, आणि आम्हाला बसायला सांगितलं.

खोलीला एकच मोठी खिडकी होती आणि तिच्यात फक्त समुद्र होता. पांढरा पडदा आत येई, बाहेर जाई, जणू घरच श्वास घेत होतं. कॉफी आली, ती ठेवून नसीमा आमच्यापैकी कुणाकडेही न बघता आत गेली. निसारनं कपाकडे असं पाहिलं की कपालाही संकोच वाटावा.

"मुलगा निर्व्यसनी आहे," साहेबांनी सुरुवात केली.

"हा तरुण दारू पीत नाही," मी सांगितलं.

"पितो असं कोण म्हणालं?" सी मुख्तारांनी सौजन्यानं विचारलं.

"घराणं चांगलं. नारळीची वाडी आहे. दोन होड्या आहेत. वडिलांना गावात मान आहे." साहेब एकेक वाक्य माझ्याकडे सोपवत होते आणि मी ते पलीकडे पोचवत होते. म्हातारा प्रत्येकाला मान डोलवत होता, ओझी मोजून घेतल्यासारखा. मग त्यानं कप खाली ठेवला.

"लग्नानंतर माझी मुलगी कुठे राहील?"

ह्या प्रश्नाला आपल्याकडे एकच सभ्य उत्तर आहे. मुलाला स्वतःचं घर आहे की नाही, हे मुलीचा बाप आडून विचारत असतो, आणि वरपक्षानं ते छाती पुढे काढून सांगायचं असतं. साहेबांनी काढली.

"त्यांना सांगा, बिलकुल काळजी करू नका. मुलाचं स्वतःचं घर आहे, समुद्राला लागून. निकाह झाला की दुसऱ्या दिवशी मुलगी आमची. तुमच्यावर कसलाही भार नाही. आमचा मुलगा घरजावई होणाऱ्यातला नव्हे."

"साहेब, हे असंच सांगू?"

"जसंच्या तसं. मुलीच्या बापाला हेच ऐकायचं असतं, खासनीसबाई. तुमचं अजून व्हायचंय, तुम्हाला नाही कळायचं."

मी जसंच्या तसं सांगितलं. घरजावई ह्या गोष्टीला फ्रेंचमध्ये मला शब्द सापडेना, म्हणून फोड करून सांगितली: सासऱ्याच्या घरात राहणारा जावई, जी आमच्याकडे फार लाजिरवाणी गोष्ट समजतात.

"लाजिरवाणी का?" सी मुख्तारांनी विचारलं.

मी साहेबांना विचारलं. "का म्हणजे?" साहेब म्हणाले, आणि थांबले. हा प्रश्न रेवदंड्यात कुणी विचारला नव्हता.

म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. "माझ्या घरातून जो कोणी त्या बाजूला गेला," तो सावकाश म्हणाला, "तो उन्हाळ्यात येतो म्हणाला. दोघंही हेच म्हणाले. उन्हाळे येतात."

हे मराठीत आणताना मला कुठलाही शब्द अडला नाही. साहेबांची छाती हळूहळू जागेवर आली. निसार बुटांकडे बघत बसला.

"मादमुआझेल," सी मुख्तार म्हणाले, "आत जाऊन मुलीला जरा मदत कराल?"

म्हणजे आता तिथे दुभाष्याशिवाय तीन पुरुष आणि एक नारळ उरणार होते. मी उठले.

आत नसीमा खजूर भरलेल्या रव्याच्या वड्या ताटात रचत होती. रचून झाल्या की मोडत होती आणि पुन्हा रचत होती.

"काय झालं?"

"आमच्या साहेबांनी तुला लगेच घेऊन जायचं ठरवलंय."

"मूर्ख आहे तुमचा साहेब."

"हो. पण माणूस चांगला आहे."

"मला निसारबरोबर जायचंय," ती म्हणाली, "आणि पपांना सोडून कुठेही जायचं नाहीये. कर ह्याचं भाषांतर."

"हे मला नाही जमणार."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तुमच्याकडे मुलीला विचारतात का काही?"

"विचारतात ना. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. मग पोहे खातात आणि जाताना म्हणतात, कळवतो."

"आणि मग कळवतात?"

"नाही. 'कळवतो' म्हणजे नकार."

"मग सरळ नाही का म्हणत नाहीत?"

"पोहे खाल्लेले असतात."

ती हसली, डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला तेवढं निमित्त पुरलं. मला तोवर पुण्यातून आणि साताऱ्याहून बऱ्याच जणांनी कळवायचं बाकी होतं, हे मी तिला सांगितलं नाही. ताट उचलून मी बाहेर आले.

बाहेर सी मुख्तार निसारसमोर खुर्ची ओढून बसले होते, आणि साहेब प्रथमच कोपऱ्यात होते.

"ह्याला विचारा, हा कुठला?"

"राजपुरी," निसार म्हणाला.

"ते गाव मघाशी ऐकलं. ह्याची माणसं कुठली? मुळातली?"

निसारनं साहेबांकडे पाहिलं. बोलू का, अशा नजरेनं. साहेबांनी हात उडवला. "माझी माणसं जंजिऱ्याची," तो म्हणाला.

म्हातारा पुढे झुकला. मी भाषांतर करायच्या आधीच त्यानं तो शब्द स्वतःशी घोळवला. "जझीरा?"

"तोच," मी म्हटलं. "अरबी दर्यावर्दींबरोबर तुमच्या भाषेतून आमच्याकडे आला, आणि तिथल्या पाण्यातल्या किल्ल्याला चिकटला. आम्ही त्याचं जंजिरा केलं." चौथीच्या इतिहासात मी तो किल्ला इतक्या वेळा घोकला होता, पण त्या नावाचा अर्थ नुसता 'बेट' आहे, हे त्या खोलीत बोलून दाखवेपर्यंत कधी डोक्यात आलं नव्हतं.

सी मुख्तार उठले. कोटाची बटणं लावली. आतल्या दाराकडे वळून अरबीत मुलीला काहीतरी सांगितलं आणि आम्हाला म्हणाले, "चला."

खाली बंदरात पोचेपर्यंत समुद्रावरून धुकं आत यायला लागलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं म्हाताऱ्याला सलाम केला आणि आमच्याबद्दल काही विचारलं नाही. बंदराच्या जुन्या दगडी धक्क्यावरून आम्ही एकामागून एक चालत होतो. मागे वळून पाहिलं, तर शहर पायरी पायरीनं नाहीसं होत चाललं होतं. आधी वरची घरं, मग मधली, मग आम्ही नुकतेच उतरून आलो ती गल्ली. कुठेतरी एक भोंगा लांबलचक वाजे आणि थांबे. आमच्या पावलांचा आवाजसुद्धा कुणा दुसऱ्यांच्या पावलांचा असल्यासारखा येत होता.

सी मुख्तार थांबले. पायाखालच्या दगडावर बुटाची टाच आपटली. "हे एक," म्हणाले. बरंच पुढे जाऊन पुन्हा आपटली. "हे दुसरं."

"एक काय, ते विचारा," साहेब माझ्या कानाशी म्हणाले.

"बेट," म्हातारा म्हणाला. "आपण बेटांवरून चाललोय. हजार वर्षांपूर्वी एक राजपुत्र इथे गाव वसवायला आला, तेव्हा किनाऱ्यासमोर पाण्यात चार बेटं होती. म्हणून गावाचं नाव पडलं अल-जझाइर. बेटं. पुढे एका दर्यावर्दीनं ह्या बेटांवरचा शत्रूचा किल्ला पाडला, त्याच्याच दगडांनी मधला समुद्र भरून काढला, आणि बेटं किनाऱ्याला जोडली. बंदर झालं. बेटं गेली, नाव राहिलं. मग फ्रेंच आले. त्यांच्या तोंडी आमच्या नावाचा पार चोथा झालेला होता, तो त्यांनी सगळ्या देशाला लावला. आणि देशाचं नाव माणसांना."

"म्हणजे अल्जेरियन," मी म्हटलं.

"ते तुम्ही म्हणता. आम्ही म्हणतो जझाइरी. बेटावरचा माणूस. आत वाळवंटात, जिथून समुद्र कित्येक दिवसांच्या वाटेवर आहे, तिथला उंटवालासुद्धा जझाइरी. त्याला विचारा तुझं बेट कुठलं, तर तो तुमच्याकडे बघत राहील."

मी हे सगळं मराठीत आणलं. साहेबांनी धुक्यात एकदा चौफेर पाहिलं. "म्हणजे अख्खा देश जंजिरेकर," ते म्हणाले, "आणि बेटाचा पत्ता नाही."

म्हाताऱ्याला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हो. अगदी तसंच. काही पंडित म्हणतात, नाव बेटांवरून नाही, त्या राजपुत्राच्या बापाचं नाव झिरी, त्यावरून आलं."

"खरं काय?"

"पंडितांना बोट लागते. ते सगळे इथे जमिनीवरून आले. पाण्यावरून येणाऱ्याला आधी बेटंच दिसली असणार."

आता गप्प राहणं साहेबांच्या जिवावर आलं होतं. "ह्यांना सांगा, आमच्याकडेही समुद्र बुजवायला घेतला होता. संभाजी महाराजांनी. किनाऱ्यापासून थेट जंजिऱ्यापर्यंत भराव."

"मग?" सी मुख्तारांना कामातला रस वाटला. "पुरा का नाही झाला?"

"मागून मोगल चालून आला, म्हणून परतावं लागलं. नाहीतर ह्याचा किल्ला आज अलिबाग तालुक्यात असता."

"आणि आतून आमच्या तोफा चालू होत्या, तेही सांगा ताई," निसार म्हणाला.

"तीनशे वर्षं झाली, हळदे. आता विसर."

"तुम्हीच काढलंत, साहेब."

मी दोन्ही बाजू इमानदारीनं सांगितल्या. सी मुख्तारांनी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे हे दोघं एकमेकांचे शत्रू? आणि हे ह्याच्यासाठी मुलगी मागायला आलेत?" आणि ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मग निसारला म्हणाले, "सांग. तुझ्या बेटाबद्दल सांग."

निसारनं सांगितलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड पाण्याचे तलाव. तट थेट लाटांतून वर आलेला. आणि दरवाजा असा बांधलेला, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. लांबून वाटतं, नुसती भिंत आहे, आत जायला वाट नाही.

"मला दिसला असता," म्हातारा म्हणाला. "मी आयुष्यभर दुसऱ्यांची जहाजं आत आणली. मला लांबून दिसला असता."

"नाय दिसत कुणाला."

"मला दिसला असता."

भोंगा वाजला. तो थांबल्यावर निसार माझ्याकडे वळला. "ताई, सांगा त्यांना. मी इथेच राहतो. त्यांच्या घरात, त्यांच्याबरोबर. परत जात नाय."

दांडेकर साहेब जागच्या जागी थांबले. "हळदे."

"तुम्ही बोलू नको म्हणालात, म्हणून इतका वेळ नव्हतो बोललो, साहेब."

"अरे, तुझ्या बापाला मी काय सांगू? नारळ घेऊन मुलगी मागायला गेलो, आणि नारळ देऊन मुलगाच देऊन आलो?"

मी सी मुख्तारांना फक्त निसारचं वाक्य सांगितलं. त्यांना हवं होतं ते हेच होतं. पॅरिसवाल्यानं जे म्हटलं नव्हतं, मुलांनी जे केलं नव्हतं, ते हेच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पण तो चेहरा पाण्याकडे होता आणि पाणी दिसत नव्हतं.

"विचारा त्याला," ते म्हणाले, "त्याचे वडील संध्याकाळी काय करतात?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं. पण त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"होडी काढतात," निसार म्हणाला. "किल्ल्याला एक वळसा घालतात. रोज."

"आत जातात?"

"नाय. आतच जन्मले ते. पुढे तिथली घरं उठली, सगळे किनाऱ्यावर आले. आता भिंतींतून झाडं वाढलीत. ते बाहेरून बघतात आणि परत येतात."

"एकटेच?"

"मी होतो तेव्हा वल्ही माझ्याकडे असायची, सुकाणू त्यांच्याकडे. आता एकटेच."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग पाण्याची ओढ कुठून कुठे, वारा कुठला, दक्षिणेला खडक आहेत का, असलं काहीबाही विचारत राहिला, आणि निसार सांगत राहिला. मी पुन्हा एकदा खडकांचं भाषांतर करत उभी होते. साहेब धुक्याकडे पाठ करून काठीनं दगडावर रेघा ओढत होते. शेवटी सी मुख्तार त्यांच्यापाशी गेले, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि मला म्हणाले, "ह्यांना सांगा, मी कळवतो."

मी सांगितलं. "कळवतो म्हणाले."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या एका बाबतीत रेवदंडा, राजपुरी आणि पुणे ह्यांच्यात कधीच दुमत नव्हतं.

क्वार्टर्सच्या फाटकाशी साहेब म्हणाले, "नारळ तरी परत मागायला हवा होता. चटणी झाली असती." पण ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निसारनं ट्रंक काढली. दांडेकर साहेबांनी ट्रंककॉल लावून लतीफ नाखव्यांना, म्हणजे निसारच्या वडिलांना, कळवलं की जमलं नाही, मी जरा जास्तच बोललो. पलीकडून लतीफ नाखवा म्हणाले, साहेब, समुद्र मध्ये असला की होतं असं. नसीमा कचेरीत आली नाही. तिच्या टेबलावरचा अर्धवट नकाशा वाऱ्यानं फडफडे आणि निसार त्यावर पाना ठेवून जाई.

मग एका सकाळी ती आली. कोट खुंटीला अडकवला, पाना उचलून कोपऱ्यात बसलेल्या निसारसमोर नेऊन ठेवला, आणि मला हाक मारली.

"पपांनी विचारलंय," ती म्हणाली, "निसारच्या वडिलांच्या होडीत दोघांना नीट बसता येतं का?"

मी विचारलं. निसार उभा राहिला.

"चौघं बसतात," तो म्हणाला.

"मग ते हो म्हणालेत. निकाह इथे, आणि मग राजपुरी."

निसारला भाषांतराची गरज पडली नाही. मी मात्र नसीमाला म्हटलं, "अगं, पण त्यांनी तर नाही सांगितलं होतं. कळवतो म्हणाले."

"मग कळवलं की," ती म्हणाली. "तुमच्याकडे कळवत नाहीत, हा काय त्यांचा दोष?"

होडीत दोघं म्हणजे कोण, ह्याचा आम्ही फारसा विचार केला नाही. दांडेकर साहेबांनी अर्थ लावला की मुलीला संध्याकाळी सासऱ्याबरोबर फिरायला मिळेल ना, अशी बापाची काळजी आहे. मला तो पटला. निकाहच्या दिवशी साहेब नारळ फोडायला निघाले, तेव्हा सी मुख्तारांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, राहू दे, बेटं आम्ही पुष्कळ फोडली. खिडकीतून समुद्र आत येत होता, पडदा श्वास घेत होता, आणि रेडिओशेजारी नारळ होता. त्या घरातलं मला शेवटचं आठवतं ते इतकंच.

काम संपलं, कंपनी उठली, मी परत आले. काही वर्षांनी एका माणसानं पोहे खाऊन झाल्यावर कळवतो म्हणायचं विसरून सरळ हो म्हटलं, त्याच्याशी मी लग्न केलं. त्याच्याबरोबर एका जानेवारीत मुरुडला गेले. राजपुरीच्या धक्क्यावर पोचलो तोवर किल्ल्याकडे जाणारी शेवटची होडी परतली होती. सूर्य खाली आलेला. पाणी इतकं स्थिर, की किल्ला त्यात उभा आहे की त्याच्यावर ठेवलाय हे कळत नव्हतं. तटाच्या कडेकडेनं एक लहान होडी वळसा घालत होती. आत दोन म्हातारे. एक वल्ही मारत होता, दुसऱ्याच्या हातात सुकाणू. सुकाणूवाल्याच्या अंगात निळा कोट होता.

मी नवऱ्याचा हात धरला. आपण झोपेत तर नाही ना, हे बघायला तेवढं बरं पडतं.

जवळच एक होडीवाला शीड गुंडाळत बसला होता. "ते कोण हो?" मी विचारलं.

"वल्ह्यावरचे आमचे लतीफ नाखवा."

"आणि दुसरे?"

"ते त्यांचे व्याही. निसारचे सासरे. लेकीचं लग्न झालं, दोन-तीन महिन्यांत मागोमाग हेपण आले. बघून जातो म्हणाले, ते गेलेच नाय. निसार असतो बोटीवर, लेक आहे शाळेत, पोरांना चित्रकला शिकवते. ह्या दोघांना दुसरा धंदा नाय. एकमेकांची भाषा येत नाय, पण संध्याकाळचा वळसा चुकत नाय."

"घरजावई ऐकला होता," माझा नवरा म्हणाला. "घरसासरा पहिल्यांदाच बघतोय."

"त्यांना म्हणे किल्ल्याचा दरवाजा लांबूनच दिसतो," होडीवाला म्हणाला. "आमचा जन्म गेला इथे, आम्हाला नाय दिसत."

होडी बुरुजाच्या आड गेली. नवऱ्यानं विचारलं, हाक मारायची का? मी नको म्हटलं. वळसा पुरा होऊ दे.

"गावात काय म्हणतात त्यांना?" मी होडीवाल्याला विचारलं.

"जंजिरेकर."

"पण जंजिरेकर तर तुम्ही सगळेच ना?"

"आम्ही कसले, बाई." त्यानं शिडाची गाठ मारली आणि तोंडानं ओढून घट्ट केली. "किल्ला सोडला तेव्हाच आम्ही राजपुरीवाले झालो. हे आले तेव्हा निसारनं त्यांचा पासपोर्ट दाखवला ना सगळ्यांना. त्यावर छापलंय, बेटावरचा माणूस म्हणून. सरकारी कागद आहे. आता आमच्या गावात पक्का जंजिरेकर तो एकच."